घोडा दमत नाही का?

अर्पिनेने विचारलं, तिसरीतली, पुढचे दोन दात पडलेली:
"बाई, घोडा एवढ्या उड्या मारतो, दमत नाही का?"
वर्ग हसला. मीही हसले.
आमच्या ग्युम्रीच्या शाळेत बुद्धिबळ हा विषय असतो, गणितासारखा,
आणि घोड्याच्या दमण्यावर त्यात धडा नाही.

पण रात्री तो प्रश्न भांड्यांबरोबर विसळला जाईना.
माझं एक इंजिन आहे, चार वर्षं लिहितेय,
झांगाक नाव ठेवलंय, म्हणजे घंटा.
प्यादं किती तोलाचं, उंट किती,
राजाभोवतीची भिंत कुठे पोकळ,
सगळं त्याला शिकवून झालं होतं.
दमणं तेवढं राहिलं होतं.

याआधीही असले खुळे विचार पटावर आणलेत मी:
हरताना मुद्दाम अवघड चाल शोधायची,
राजाला जरा जास्त भित्रं करायचं,
वजीर जिथून गेला त्या रिकाम्या घरालाही किंमत द्यायची.
सकाळी उणे पाच, उणे नऊ.
वहीत तारीख घालून एकेकाला पुरलं.

तर चौदा ओळी.
लागोपाठ हललेल्या मोहऱ्याचं मोल थोडं उतरवायचं,
बाजारातली बाई संध्याकाळी टोमॅटोचं उतरवते तसं.
नव्या झांगाकसमोर जुना झांगाक बसवला.
वीस हजार डाव.
पेटीचा पंखा दोन रात्री घोंघावत राहिला
आणि त्याच्या गरम वाऱ्यावर आईने
आवेलुकच्या वेण्या वाळत टांगल्या.
"स्वतःशीच खेळतंय म्हणतेस," ती म्हणाली,
"मग हरतं कोण? आणि विजेचं बिल?"

तिसऱ्या सकाळी: अधिक सहा,
चूकभूल द्यावी-घ्यावी चार.

कॉफी उतू गेली.
मग कोड पुन्हा वाचला,
कारण आनंद झाला की मी आधी संशय घेते.
सातव्या ओळीत सापडलं,
एक नकार उलटा पडलेला.
हलणारा दमत नव्हताच.
जो जागचा हलला नाही
त्याचं मोल दर चालीला झिजत होतं.
उभा राहिलेला दमत होता.

चूक सुधारली. पुन्हा दोन रात्री, पुन्हा वीस हजार.
उणे अकरा.

हसत बसले एकटीच.
म्हणजे काय, तर मोहरे बाहेर काढा, घरात कोंडू नका,
हे तर मी दर सप्टेंबरला पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते.
कळसा काखेतच होता;
वळसा तेवढा चाळीस हजार डावांचा.

आईला सांगितलं. ती वेणी उलटी करत होती.
"चालणारा नाही गं, थांबलेला दमतो. यंत्राने दाखवलं."
"यंत्र लागलं?" ती म्हणाली,
आणि खिडकीबाहेर बघितलं नाही तिने,
जिथे आमची डोमिक होती, पत्र्याची,
भूकंपानंतर दोन वर्षांपुरती मिळालेली.
तिच्यात मी शाळा संपवली, कॉलेज संपवलं,
आणि बाबा नव्या घरांच्या यादीत
चौथ्या पानावरच राहिले.

ती चूक मी परत घातली.
साठ हजार डावांनंतर सहाचे दोन झालेत,
उद्या कदाचित शून्य होतील.
राहू दे. त्या ओळीला नाव दिलंय अर्पिने.

तिला वर्गात म्हटलं, "घोडा नाही दमला,
कोपऱ्यातला हत्ती दमला."
तिला काहीच नवल वाटलं नाही.
दातांच्या फटीतून जीभ काढत म्हणाली,
"बरं, प्याद्याला मागे जाता येत नाही,
पण बघता येतं ना?"

घरी आले.
पेटीजवळच्या वेण्या जरा बाजूला सरकवल्या.